वाडीचे मत मुंबईत ठरते

आरे-वारेजवळच्या एका बौद्धवाडीत जयंतीच्या तयारीची बैठक होती. विषय नेहमीचेच: मिरवणूक, साउंड, वर्गणी, मुंबई मंडळाने किती द्यायचे. मागच्या भिंतीवर कोणा तरुणाने काळ्या पँथरचे चित्र लावले होते. बैठक उठता उठता आम्ही विचारले, वाडीची मतदारयादी कोणाकडे आहे? कोणाकडेच नव्हती. पक्षांच्या गावातल्या माणसांकडे मात्र आहे, घरागणिक खुणा केलेली.

आधी त्या चित्राबद्दल. पँथर ओकलंडचा, मग 1972 ला मुंबईचा, असे आपण सांगतो. त्याआधी तो एक निवडणूक चिन्ह होता, अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातील लाउंड्स या खेडवळ कौंटीतले. कौंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखे, पण लोकसंख्येने लहान. तिथे पाचांत चार माणसे काळी, आणि 1965 उजाडले तेव्हा मतदारयादीत त्यांचे एकही नाव नव्हते. गोऱ्यांची नोंदणी मात्र शंभर टक्क्यांच्या वर! मेलेले, गाव सोडून गेलेले, सगळे यादीत जिवंत. काळ्या कुळांनी नावे घालायला सुरुवात केली तशी जमीनमालकांनी त्यांना शेतावरून हुसकले. ती कुटुंबे तंबूत राहिली. ऑगस्ट 1965 मध्ये मताधिकाराचा कायदा झाला आणि नोंदणी वाढली. तरी नोव्हेंबर 1966 ला पँथरचे उमेदवार सगळ्या जागा हरले. 1970 ला त्याच चळवळीतले जॉन ह्युलेट तिथले शेरीफ झाले. जाकीट आणि मूठ आपण घेतली, यादी तिथेच राहिली.

खोताची जमीन कसलेल्या कोकणाला हे परके वाटू नये. 17 सप्टेंबर 1937 ला बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले, तेव्हा मालमत्ता आणि शिक्षणाच्या अटींमुळे बहुतेक कुळांना मतच नव्हते. आज अट नाही. हुसकणारेही कोणी दिसत नाही. मग आपले मत जाते कुठे?

7 मे 2024 ला रत्नागिरी-सिंधुदुर्गात साधारण 62 टक्के मतदान झाले. नारायण राणे यांनी विनायक राऊत यांचा 47,858 मतांनी पराभव केला. वंचितच्या उमेदवाराला 2019 ला तीस हजारांवर मते होती, ती या वेळी दहा हजारांच्या आसपास आली. यावरून 'कोकणातले बौद्ध मत इकडे वळले' असे लेख लगेच आले. आम्हाला हे पटत नाही. पक्षाची मते किती घटली ते आकडा सांगतो. कोणत्या वाडीने काय केले ते सांगत नाही. शिवाय हे 62 टक्के माणसांचे नाहीत, यादीतल्या नावांचे आहेत. त्या वाडीत यादी आणून मोठ्याने वाचली तेव्हा एक आजी दर थोड्या नावांनी म्हणायच्या, "हा गेला", "ही नांदायला गेली", "हा कांदिवलीला." वाचणारा पोरगा आधी हसत होता, मग गप्प झाला.

चाकरमान्यांचे आणखी वेगळे. मे महिन्यात वाडी भरलेली असते. 7 मे ला इथे मतदान, पण त्यांची नावे मुंबईत. मुंबईचे मतदान 20 मे ला, तेव्हा त्यातले कितीतरी अजून गावीच. मुंबईच्या सहाही जागांवर टक्का पन्नाशीच्या घरातच राहिला. अनेकांनी दोन्हीकडे नाव ठेवले आहे. तो गुन्हा आहे हेही त्यांना ठाऊक नाही. 1950 चा कायदा स्पष्ट आहे: नाव एकाच ठिकाणी, आणि नुसते घर मालकीचे असणे म्हणजे तिथे राहणे नव्हे. दूरच्या मतदारासाठी निवडणूक आयोगाने जानेवारी 2023 मध्ये रिमोट यंत्राचे प्रात्यक्षिक पक्षांना दाखवायला बोलावले, विरोधकांनी आक्षेप घेतले आणि ते तिथेच राहिले. ग्रामपंचायतीला मात्र उमेदवार मुंबईहून गाड्या लावतात. गाडी ज्याची, जेवण ज्याचे, मत त्याचे. आपलीच माणसे आपल्याच गावात पाहुणी म्हणून मत देऊन परततात.

म्हणून मुंबईकरांची नावे गावात ओढा, असे आम्ही म्हणत नाही. जो जिथे राहतो त्याने तिथेच मत द्यावे, विक्रोळीत द्यावे, दिव्यात द्यावे. प्रश्न मागे राहिलेल्यांचा आहे. 2011 च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात 1000 पुरुषांमागे 1122 स्त्रिया होत्या, आणि 2001 पेक्षा जिल्ह्याची लोकसंख्याच घटली होती. वाडीतला कायमचा मतदार म्हणजे बाई. ती आंब्याच्या बागेत जाते, किनाऱ्यावरच्या हॉटेलात चादरी धुते. मतदानाच्या दिवशी तिला पगारी सुट्टी कायद्यानेच आहे, रोजंदारीवर असली तरी. पण हे तिला कोणी सांगितलेले नाही, आणि मालकाला विचारायची तिला भीती वाटते. आणि वाडीने कोणाला मत द्यायचे हे ठरते कुठे? मुंबई मंडळाच्या सभेत, जिथे सगळे पुरुष आणि ज्यांचे नाव वाडीच्या यादीत नाही असे. हे बोलले की आमच्याच काही ज्येष्ठांना राग येतो. येऊ द्या.

दुसरा आक्षेप तरुणांचा असतो: जिल्ह्यातल्या पाच विधानसभांपैकी एकही राखीव नाही, मूठभर मतांनी काय होणार? ग्रामपंचायतीच्या प्रभागात मूठभर मतांनीच होते. विहारापर्यंतचा रस्ता, नळ, स्मशानभूमीची जागा हे विषय तिथलेच आहेत, दिल्लीचे नाहीत.

त्या वाडीत पुढच्या बैठकीत मंडळाने तीन बायांकडे यादी दिली. नवीन नावाला नमुना 6, मृत व स्थलांतरितांना 7, पत्ता बदलाला 8. अठरा पूर्ण होणाऱ्यांसाठी आता वर्षात चार तारखा आहेत: 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै, 1 ऑक्टोबर. जयंतीच्या वर्गणीतून झेरॉक्स आणि मतदानाच्या दिवसाची रिक्षा, एवढा खर्च मंजूर झाला. रिक्षाच्या पैशावरून मुंबईहून फोन आला होता. बायांनी तो उचलला नाही.