स्टेअरिंगवरच्या माणसाचेही ऐकावे



गळीत हंगाम सुरू झाला की आपल्याकडची चर्चा ठरलेली असते. उतारा किती पडला, टनाला भाव काय बसणार, आपल्या फडाला तोड कधी येणार! शेतातला ऊस गव्हाणीपर्यंत आणतो कोण, याची चर्चा मात्र गाडी चिखलात रुतली तरच होते. म्हणून यावेळी आम्ही स्टेअरिंगवरच्या माणसाविषयी लिहायचे ठरवले आहे, आणि त्यासाठी वाचकांना थोडे लांब, थेट विलायतेला नेणार आहोत.

तुम्ही म्हणाल, आपला आणि विलायतेच्या लॉऱ्यांचा काय संबंध? संबंध आहे. १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, एस.टी.ची पहिली गाडी धावली ती बेडफर्ड, विलायती बनावटीची. मद्रासेत १९४८ साली निघालेली अशोक मोटर्स पुढे १९५५ साली अशोक लेलँड झाली. त्यातले लेलँड म्हणजे इंग्लंडातल्या लँकेशायर परगण्यातले एक गाव. त्या गावाचे नाव कपाळावर लावून किती गाड्या आपल्या बांधावर आल्या आणि ऊस भरून गेल्या, हे जुन्या लोकांना विचारा.

तर या विलायतेत साठ-सत्तर वर्षांपूर्वी लॉरी चालवलेले ड्रायव्हर आता पार म्हातारे झाले आहेत. पण त्यांनी एक चांगले केले. आपल्या आठवणी सांगून आणि लिहून ठेवल्या. जुन्या गाड्या घासूनपुसून त्यांचे मेळे भरवतात. लेलँड गावात १९८३ पासून लॉऱ्यांचे संग्रहालय आहे. फोडेन, ई.आर.एफ., अ‍ॅटकिन्सन, स्कॅमेल, ए.ई.सी. ही नावे हे लोक आपण बैलांची नावे घ्यावी तशी घेतात. मँचेस्टरच्या गार्डनर इंजिनाविषयी तर विचारू नका. दीडशे अश्वशक्तीचे इंजिन, चाल संथ, पण वर्षानुवर्षे खळखळ न करता ओढणारे. आपल्याकडे खिलारी जोडीचे कौतुक व्हायचे, तसे तिकडे त्या इंजिनाचे.

पण नुसते कौतुकच नाही. जड लॉरीला १९५७ सालापर्यंत ताशी २० मैल, म्हणजे ३२ किलोमीटर, एवढीच वेगमर्यादा होती. नंतर ती ३० मैलांवर आली. उत्तरेकडे जाताना शॅप नावाचा घाट लागायचा, उंची सुमारे १,४०० फूट. १९७० साली शेजारून मोठा हमरस्ता होईपर्यंत स्कॉटलंडकडची बरीचशी अवजड वाहतूक याच घाटाने चढायची. हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ, आणि केबिनमध्ये हीटर नाही! अंगात दोन कोट आणि गुडघ्यावर गोणपाट घेऊन माणूस रात्रभर गाडी हाकायचा. १९६२-६३ च्या हिवाळ्यात टाकीतले डिझेल थिजले, तेव्हा ड्रायव्हरांनी टाकीखाली चिंध्या पेटवून ते पातळ केले. मालावर ताडपत्री टाकायची, दोर आवळायचे, गाठी मारायच्या, हेही त्यानेच करायचे. उतारावर गाडी न्यूट्रल करून सोडायची खोडही तिकडे होती. वाचताना आम्हाला हसू आले, आणि अंगावर काटाही आला. आपल्या घाटात या खोडीपायी काय काय झाले ते आपण जाणतोच.

आता या आठवणींतून आम्हाला दोन गोष्टी घेण्यासारख्या वाटतात.

पहिली गोष्ट अशी. केबिनमध्ये थंडी वाजते, हे ड्रायव्हर वर्षानुवर्षे सांगत होते. पण गाडी विकत घ्यायचा मालक, चालवायचा ड्रायव्हर. मालकाला हीटर नको, चार पैसे वाचायला हवेत. कारखानदारही मालकाचेच ऐकायचा. मग १९६७ च्या सुमारास स्वीडनच्या व्होल्वो गाड्या तिथे आल्या. बसायला नीट सीट, ऊब देणारी केबिन. ड्रायव्हर म्हणू लागले, आम्हाला ही गाडी द्या. पुढे काय झाले? ए.ई.सी.चा साउथॉलचा कारखाना १९७९ साली बंद पडला. फोडेन १९८० साली कर्जात बुडून दुसऱ्याच्या हाती गेली. वॉटफर्डचा स्कॅमेलचा कारखाना १९८८ साली मिटला. याला एकटी केबिन कारण नव्हती, कारणे पुष्कळ होती, हे आम्ही मान्य करतो. पण ज्याचं जळतं त्याला कळतं, आणि ज्याला कळतं त्याला कोणी विचारलं नाही, हे त्यातले एक कारण होतेच.

दुसरी गोष्ट तर आपल्यासारख्या भागधारकांनी कान देऊन ऐकावी. १९४८ साली तिथल्या सरकारने लांब पल्ल्याची मालवाहतूक ताब्यात घेतली. त्यातला बराच भाग १९५३ च्या कायद्याने परत विकायला काढला, पण सरकारकडे राहिलेला पसारा काही लहान नव्हता. फेब्रुवारी १९८२ मध्ये तोही विकला गेला, आणि घेतला कोणी? त्यात काम करणाऱ्यांनीच! ड्रायव्हर, हमाल, कारकून, अधिकारी, निवृत्त माणसे आणि त्यांचे घरचे मिळून सुमारे दहा हजार लोकांनी भाग घेतले. किंमत ५ कोटी ३५ लाख पौंड. त्यातले बरेचसे पैसे बँकांचे कर्ज होते, पण साडेब्याऐंशी टक्के मालकी या मंडळींची. काल हुकूम ऐकणारा ड्रायव्हर आज सभेत उठून हिशेब विचारू लागला. धंदा वाढला, भागाची किंमत कित्येक पटींनी चढली.

मग १९८९ साली ते भाग शेअर बाजारात आले. चढा भाव पाहून अनेकांनी विकले. त्यांना दोष कसा द्यायचा? कोणाला घर बांधायचे होते, कोणाला म्हातारपणाची सोय हवी होती. पण मालकी हळूहळू हातची गेली. २००० साली कंपनी दुसरीत मिसळली आणि २००५ साली जर्मनीच्या डॉइश पोस्टने ती विकत घेतली. ड्रायव्हरांची कंपनी उरली ती फक्त आठवणीत.

सहकारात एका सभासदाला एकच मत, आणि आपला भाग बाजारात चढ्या भावाने विकता येत नाही, याची आपल्याला कधी कधी खंत वाटते. आमच्या मते तेच आपले कुंपण आहे. पण नुसत्या कुंपणावर शेत राखले जात नाही. महाराष्ट्रात कितीतरी सहकारी कारखाने कर्जात बुडून खासगी हातात गेले, ते सभासदांनी भाग विकले म्हणून नव्हे. बऱ्याच ठिकाणी सभासदांनी सभेला जाणे, अहवाल वाचणे, प्रश्न विचारणे सोडले होते, हेही एक कारण होते. मालकी कागदावर राहते आणि धनीपण निघून जाते, ते असे.

आता आपल्या ड्रायव्हरकडे वळू. काही सभासद लगेच म्हणतील, "अहो, एंट्रीचे पैसे हातावर ठेवल्याशिवाय तो गाडी हलवत नाही, त्याचे कसले कौतुक करता?" तक्रार खरी आहे आणि ती प्रथा बंद झालीच पाहिजे, याबद्दल दुमत नाही. पण यार्डात नंबर लागेपर्यंत तो रात्र रात्र ताटकळतो, याचा हिशेब कोण करतो? ट्रॉली भरताना "अजून चार मोळ्या टाक" असे म्हणणारे आपणच असतो ना? मागे रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली रात्री रस्त्यात उभी राहते, तिच्यावर मोटारसायकल येऊन आदळते, तो पोरगाही आपल्याच एखाद्या सभासदाचा असतो. तेव्हा चूक एकट्या ड्रायव्हरची म्हणून मोकळे होता येणार नाही.

म्हणून आमच्या तीन सूचना आहेत. पहिली, हंगामापूर्वी शेती खात्याने ड्रायव्हर आणि वाहनमालक यांची एकत्र बैठक घ्यावी, आणि त्या दिवशी आधी ड्रायव्हरांनी बोलावे, बाकीच्यांनी ऐकावे. दुसरी, रिफ्लेक्टर आणि मागचा दिवा नसलेले वाहन काट्यावर घेऊ नये, मग ते कोणाचेही असो, संचालकाचे असले तरी. तिसरी, आपल्या कारखान्यावर पहिल्या हंगामांत बैलगाडी, ट्रक, ट्रॅक्टर हाकलेली जी म्हातारी माणसे आज हयात आहेत, त्यांना बोलावून त्यांच्या आठवणी लिहून घ्याव्यात. शाळेत शिकणारी आपली नातवंडे हे काम आनंदाने करतील. या अंकाची चार पाने आम्ही त्यासाठी राखून ठेवू.

विलायतेच्या ड्रायव्हरांच्या आठवणी जगाने वाचल्या, पण त्यांचे कारखाने आणि कंपन्या गेल्यावर. आपला कारखाना उभा आहे, गव्हाण चालू आहे, तोवरच आपल्या माणसांचे ऐकून घेऊ. सभासदांनी आपले मत लेखी कळवावे. आणि वार्षिक सभेला यावे, नुसत्या चहापुरते नव्हे.