गुडघ्याला शॉक वेव्ह : मशीन कोणती, फायदा किती?

इंजिनिअरिंगला ॲडमिशन घेतली की गावाकडं आपली एक कायमची ड्युटी लागते. मोटार जळाली, टीव्ही बिघडला, की "विचारा त्याला". मागच्या दिवाळीत आखाडा बाळापूरला गेलो तर प्रश्न आला गुडघ्यांचा. आजीच्या दोन्ही गुडघ्यांची झीज झालीय. कुणीतरी तिला सांगितलं की शहरात शॉक वेव्हची मशीन आलीय, ऑपरेशन टळतं. "करंट देतेत का रे त्याच्यात?" हा तिचा पहिला प्रश्न.

करंट नसतो. ही दाबाची लाट. 1980 साली म्युनिकमध्ये अशा लाटांनी पहिल्यांदा माणसाचा मुतखडा फोडला, आणि मशीन बनवली होती डॉर्नियर या विमानं बनवणाऱ्या कंपनीनं! खऱ्या शॉक वेव्हमध्ये दाब काही नॅनोसेकंदांत शेकडो वातावरणांपर्यंत चढतो आणि शरीराच्या आत ठरावीक जागी एकवटतो.

पण फिजिओथेरपीत बऱ्याचदा वापरतात ती 'रेडियल' मशीन. मेकॅनिकलवाल्यांना ती लगेच कळेल. कॉम्प्रेसरची हवा नळीतल्या धातूच्या गोळीला ढकलते, गोळी टोकावर आपटते, टोक कातडीवर टेकवलेलं. रस्ता फोडायच्या ब्रेकरची धाकटी बहीणच म्हणा. तिचा दाब कितीतरी सावकाश चढतो, जोर कातडीपाशी सर्वात जास्त आणि आत जाईल तसा कमी. भौतिकशास्त्राच्या व्याख्येत ती शॉक वेव्ह बसतच नाही. म्हणजे ती बिनकामाची, असं नव्हे. पण दोन वेगळ्या मशीन एकाच नावानं खपतात, एवढं पेशंटला कळायला नको का?

दुखणं कमी होतं का? काही आठवडे, काही महिने आराम पडल्याचं बऱ्याच चाचण्यांत दिसलंय. मात्र त्यातल्या बहुतेक लहान आहेत. शिवाय गुडघेदुखी मुळातच कमीजास्त होत राहते. माणूस दवाखान्यात जातो तो दुखणं टोकाला गेल्यावर, त्यामुळे पुढं थोडा उतार पडतोच. ठकठक आवाज करणाऱ्या मशीनवर विश्वास बसतो, ते वेगळंच. म्हणून चांगल्या चाचणीत निम्म्या लोकांना नुसता आवाज करणारी खोटी मशीन लावतात.

माझा राग आहे तो "झिजलेली गादी परत भरून येते" या बोलण्यावर. एका ठिकाणी आजीला हेच सांगितलं. माणसाच्या गुडघ्यात असं होतं हे अजून सिद्ध झालेलं नाही. आराम विकायचा तर आराम म्हणून विका ना! ज्या बाईनं उसनवारी करून सिटिंगचे पैसे भरायचे, तिला आधी हे सांगा की मांडीच्या स्नायूंचा व्यायाम आणि वजन कमी करणं हा पहिला उपचार आहे. एक किलो वजन उतरलं तर गुडघ्यावरचा भार प्रत्येक पावलाला साधारण चार किलोंनी कमी होतो. यात सिटिंगची फी नाही, म्हणून पाटीही नाही. (आजीचं म्हणणं, "आयुष्यभर कामच केलं, आता आनिक व्यायाम कायचा?" यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं.)

असो. तिचं बोलणं खोटंही नाही. उकिडवं बसून सोयाबीनची खुरपणी, हळदीचे कंद वेचणं, हे वर्षानुवर्षं केलं की गुडघे झिजण्याचा धोका वाढतो. तेव्हा मेकॅनिकलच्या फायनल इयरवाल्यांनो, उभ्यानं हळद वेचता येईल असं स्वस्त अवजार यंदाच्या प्रोजेक्टला घ्या. ट्रायलसाठी शेत आमचं, आणि चुका काढायला आजी आहेच.