दप्तर कोणाच्या हाती?

चैत्र पौर्णिमेला जोतिबाच्या डोंगरावर लाखो भाविक लोटतात, वाडी रत्नागिरीचा सारा परिसर गुलालाने न्हाऊन निघतो आणि गावोगावच्या सासनकाठ्या ठरलेल्या मानक्रमाने मिरवल्या जातात. श्रद्धेच्या या सोहळ्यामागे आणखी एक यात्रा चालू असते. ती कोणाच्या नजरेत भरत नाही. ती यात्रा कागदांची. देणगीच्या पावत्या, अभिषेकाच्या नोंदी, मानकऱ्यांच्या याद्या, कंत्राटे, पत्रव्यवहार आणि हिशेब यांचा ओघ वर्षभर वाहत असतो. पश्चिम महाराष्ट्र देवस्थान व्यवस्थापन समितीच्या अखत्यारीत जोतिबासह तीन हजारांहून अधिक देवस्थाने आहेत, हे ध्यानात घेतले म्हणजे एखाद्या धार्मिक संस्थेजवळही केवढे दप्तर साठत असेल याची कल्पना येते. देणगीदाराचे नाव, पत्ता, दूरध्वनी क्रमांक, आणि करसवलत हवी असेल तर पॅन किंवा आधार क्रमांकही, अशी माहिती सार्वजनिक न्यासांकडे लोक विश्वासाने सोपवीत असतात. पतसंस्था, दूध संघ, शाळा, महाविद्यालये आणि रुग्णालये यांची स्थिती याहून वेगळी नाही.

हे दप्तर सांभाळणाऱ्या कारकुनाच्या हाती २०२२ च्या नोव्हेंबरनंतर एक नवे साधन आले. त्या महिन्यात चॅटजीपीटी जगापुढे आले आणि सांगितलेला मजकूर क्षणार्धात रचून देणारी कृत्रिम बुद्धिमत्ता सामान्य माणसाच्या खिशात जाऊन बसली. इंग्रजीत उत्तर पाठवायचे आहे, चाळीस पानी अहवालाचा सारांश हवा आहे, थकबाकीदारांची यादी नीट लावायची आहे. मजकूर पडद्यावर चिकटवावा आणि काम उरकावे! मनुष्यबळ अपुरे, कामाचा डोंगर मोठा आणि वरिष्ठांची घाई त्याहून मोठी, अशा अवस्थेत कर्मचाऱ्याने या सोयीचा आधार घेतला तर त्याला दोष देणे अन्यायाचे होईल. प्रश्न त्याच्या नीतिमत्तेचा नाही. त्याने चिकटवलेला मजकूर कोठे जातो आणि तो कोणाचा असतो, हा खरा प्रश्न आहे.

चोराविना होणारी गळती

माहितीच्या संरक्षणाचा विचार आपल्या संस्था आजवर चोराला समोर ठेवून करीत आल्या. त्याला कारणही तसेच घडले. २०१८ च्या ऑगस्टमध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर सायबर हल्ला झाला आणि सुमारे ९४ कोटी रुपये लुटले गेले. बनावट कार्डांच्या साह्याने अनेक देशांतील यंत्रांतून पैसे काढले गेले. भारतात ज्या शहरांतून ते काढले गेले त्यांत कोल्हापूरही होते. त्या घटनेपासून कुलुपे वाढली, पासवर्ड लांबले, पहारे कडक झाले. परंतु नव्या गळतीत चोरच नाही. दार आतून उघडले जाते, तेही सद्हेतूने.

दक्षिण कोरियातील सॅमसंग कंपनीने २०२३ मध्ये हा अनुभव घेतला. तेथील अभियंत्यांनी संगणक-कार्यक्रमातील चुका शोधण्यासाठी आणि बैठकीचे टिपण करण्यासाठी कंपनीचा गोपनीय मजकूर चॅटजीपीटीला दिला. कोणी फितूर झाले नव्हते. सर्वांना काम लवकर संपवायचे होते, इतकेच. कंपनीने पुढे अशा साधनांवर बंदी घातली. जगातील एवढ्या मोठ्या तंत्रज्ञान कंपनीची ही कथा असेल, तर तालुक्याच्या पतसंस्थेची काय कथा!

यामागील यंत्रणा थोडक्यात समजून घेतली पाहिजे. पडद्यावर लिहिलेला मजकूर कंपनीच्या दूरच्या संगणकांवर जातो. व्यक्तिगत, विनामूल्य खात्यावरील संभाषण, वापरणाऱ्याने नकार नोंदवला नसेल तर, यंत्राच्या पुढील शिक्षणासाठी वापरले जाऊ शकते. शिकलेला मजकूर यंत्राच्या तोंडून जसाच्या तसा बाहेर काढता येतो, हे संशोधकांनी २०२३ मध्ये दाखवून दिले. एकदा त्यात मिसळलेली माहिती वेचून परत घेणे हे जवळजवळ अशक्य असते. संस्थात्मक करारानुसार घेतलेल्या सेवेत मात्र हा मजकूर शिक्षणासाठी न वापरण्याची हमी सहसा मिळते. साधन एकच, परंतु व्यक्तिगत खाते आणि संस्थेचा करार यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

लाभ एकाचा, जोखीम दुसऱ्याची

अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहता या प्रश्नाचे मूळ येथे सापडते. वाचलेला तास कर्मचाऱ्याच्या पदरात पडतो, वाचलेला पगार संस्थेच्या. जोखीम मात्र जिचे नाव त्या यादीत आहे त्या ठेवीदार विधवेची, ज्याचे गुणपत्रक त्या तक्त्यात आहे त्या विद्यार्थ्याची, ज्याने डोंगरावर नवस फेडून पावती घेतली त्या भाविकाची. ज्याला लाभ होतो त्याला किंमत मोजावी लागत नाही आणि ज्याला किंमत मोजावी लागते त्याला व्यवहाराची वार्ताही नसते. कारखान्याचे सांडपाणी पंचगंगेत जाते तेव्हा नेमके हेच घडते. असा व्यवहार बाजारावर किंवा कोणाच्या सद्‌बुद्धीवर सोडून भागत नाही. तेथे नियम लागतो.

दप्तर ज्याच्या हाती त्याच्या हाती सत्ता, हे कोल्हापूरला कोणी नव्याने शिकवायला नको. गावचा जमाखर्च वंशपरंपरेने कुलकर्ण्याकडे असे. तोही मोडीत लिहिलेला, त्यामुळे बहुसंख्य रयतेला न वाचता येणारा. राजर्षी शाहू छत्रपतींनी १९१८ मध्ये संस्थानातील कुलकर्णी वतने रद्द करून पगारी तलाठी नेमले, त्या सुधारणेचे मर्म हेच होते की, रयतेची नोंद ही कोणाची खाजगी मिरास नव्हे. ती उत्तरदायी नोकराच्या हाती असली पाहिजे. आज आपण तेच दप्तर, कोणी न मागता, सातासमुद्रापलीकडच्या नव्या वतनदाराच्या ओसरीवर नेऊन ठेवीत आहोत. आणि त्याची लिपी तर मोडीहूनही दुर्बोध आहे.

बंदीपलीकडचा मार्ग

मग बंदी घालावी काय? केंद्रीय अर्थमंत्रालयाने २०२५ च्या जानेवारीत कार्यालयीन संगणकांवर चॅटजीपीटी, डीपसीक यांसारखी साधने न वापरण्याची सूचना कर्मचाऱ्यांना दिली. तात्पुरता बांध म्हणून ते योग्यच होते. तथापि कार्यालयीन संगणकावर बंद झालेले काम कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या मोबाईलवर चालू राहते आणि मग ते कोणाच्याच देखरेखीखाली राहत नाही. गरज खरी असेल तर बंदी तिला नाहीशी करीत नाही, केवळ अंधारात ढकलते.

म्हणून प्रत्येक संस्थेने आधी आपल्या दप्तराची प्रतवारी लावावी. यात्रेचे वेळापत्रक, जाहीर सूचना, प्रसिद्धिपत्रके खुशाल यंत्राला द्यावीत. अंतर्गत टिपणे नावे व क्रमांक काढून, तीही संस्थेच्या खात्यावरूनच द्यावीत. ठेवी, आजार, गुण, आधार यांच्या नोंदींना मात्र यंत्राचा वारा लागू देऊ नये; अगदी निकड असेल तर संस्थेच्याच संगणकावर चालणारे साधन वापरावे. हा नियम एका पानात, सुबोध मराठीत लिहून प्रत्येक टेबलावर लावावा आणि कर्मचाऱ्यांना तो दटावून नव्हे, समजावून सांगावा.

कायदाही आता स्वस्थ बसलेला नाही. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये संमत झाला, त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये प्रसिद्ध झाले आणि मुख्य बंधने अमलात येण्यास अठरा महिन्यांची मुदत देण्यात आली. माहितीवरील प्रक्रिया दुसऱ्याकडून करून घ्यायची तर रीतसर करार हवा, आणि करार केला तरी जबाबदारी मूळ संस्थेचीच, असे हा कायदा सांगतो. संरक्षणात कसूर झाल्यास दंडाची मर्यादा २५० कोटी रुपयांपर्यंत आहे. कारकुनाचे विनामूल्य खाते म्हणजे करार नव्हे, एवढे तरी संचालक मंडळांनी ओळखावे.

करारबद्ध सेवेचा खर्च लहान संस्थांना झेपणार नाही, हा आक्षेप रास्त आहे. परंतु त्याचे उत्तर याच मातीत आहे. ज्या पन्हाळा तालुक्यात जोतिबाचा डोंगर उभा आहे, त्याच तालुक्यातील वारणानगरच्या सहकारी संस्थांनी शासनाच्या साह्याने १९९८ मध्ये परिसरातील सत्तर गावे संगणकाने जोडण्याचा प्रकल्प हाती घेतला होता. एकट्या शेतकऱ्याला न परवडणारे यंत्र सहकाराने गावात आणले. जिल्ह्यातील पतसंस्था, दूध संस्था, शिक्षणसंस्था आणि देवस्थाने यांनी एकत्र येऊन एकच सेवा, एकच करार आणि एकच तपासणी व्यवस्था का उभारू नये? एकट्या संस्थेला कंपनीने पुढे केलेल्या कागदावर सही करावी लागते; हजार संस्था एकत्र आल्या तर अटी त्यांना घालता येतात.

कृत्रिम बुद्धिमत्ता कार्यालयात येऊ द्यावी की नाही, हा वाद आता निरर्थक आहे. ती आलीच आहे. ती संस्थेची नोकर म्हणून राहते की दप्तराची मालकीण होऊन बसते, हे अजून ठरायचे आहे. ते ठरवण्याचा अधिकार आज संस्थांच्या हाती आहे. एकदा दप्तर हातचे गेले की तो अधिकारही त्याबरोबर जाईल.