चुकून सुटलेली गोळी

पोलिसाच्या पिस्तुलातून गोळी सुटते, एक बेगुनाह माणूस मरतो आणि पोलीस म्हणतो, "मुद्दाम झाडली नाही, चुकून सुटली." मग लगेच लोकांचे दोन तट पडतात. एक म्हणतो, हा खूनच आहे. दुसरा म्हणतो, अपघात झाला, विषय संपला. कायद्याची वाट या दोहोंच्या मधून जाते. न्यूयॉर्कमधील एका खटल्यावरून ती नीट समजते.

२० नोव्हेंबर २०१४ च्या रात्री ब्रुकलिनच्या पिंक हाउसेस या सरकारी वसाहतीत दोन नवखे पोलीस गस्त घालत होते. जिन्यात अंधार होता. पीटर लियांग या चिनी वंशाच्या पोलिसाने हातात पिस्तूल घेऊनच जिन्याचे दार उघडले आणि गोळी सुटली. ती भिंतीवर आपटून खालच्या मजल्यावरील अकाई गर्ली या २८ वर्षांच्या कृष्णवर्णीय तरुणाच्या छातीत घुसली. लिफ्ट येईना म्हणून तो मैत्रिणीबरोबर जिन्याने निघाला होता. त्याच्याजवळ शस्त्र नव्हते. त्याला एक लहान मुलगी होती.

लियांगने जाणूनबुजून जीव घेतला, असे सरकारी पक्षाचेही म्हणणे नव्हते. प्रश्न वेगळे होते. पिस्तूल बाहेर काढण्याची गरज होती का? बोट चापावर कसे गेले? गोळी सुटल्यावर, वरिष्ठांना कोणी कळवायचे यावर दोघा पोलिसांत वाद झाला. जखमीला श्वास देण्याचा प्रयत्न केला तो त्याच्या मैत्रिणीने, फोनवरून सांगितल्या जाणाऱ्या सूचना ऐकत. ज्यूरीच्या सदस्यांनी ते पिस्तूल हातात घेऊन चाप किती जड आहे, हेही पाहिले. फेब्रुवारी २०१६ मध्ये त्यांनी लियांगला सदोष मनुष्यवधासाठी दोषी ठरवले.

निकालानंतर अनेक शहरांत हजारो चिनी-अमेरिकन लोक रस्त्यावर उतरले. एरिक गार्नरच्या मृत्यूत गोऱ्या पोलिसावर आरोपपत्रसुद्धा ठेवले गेले नव्हते. मग आमच्याच मुलाचा बळी का, असा त्यांचा सवाल होता. हा सवाल खोटा नव्हता. पण त्याच समाजातील काही जण गर्ली कुटुंबाच्या बाजूने उभे राहिले. दुसरे सुटले म्हणून आपल्यालाही सोडा, असे न म्हणता सगळ्याच पोलिसांना जाब विचारा, अशी त्यांची भूमिका होती. आम्हाला हीच भूमिका इन्साफाची वाटते. आपल्या माणसाच्या विरुद्ध जाऊन ती घेणे सोपे नसते.

पुढे न्यायाधीशांनी गुन्हा सौम्य करून निष्काळजीपणाने झालेला मृत्यू असा ठरवला. पाच वर्षे प्रोबेशन आणि ८०० तास समाजसेवा अशी शिक्षा झाली, तुरुंगवास नाही. नोकरी आधीच गेली होती. गर्ली कुटुंबाला ४० लाख डॉलरहून अधिक भरपाई मिळाली, पण शिक्षेने त्यांचे समाधान झाले नाही.

आपल्याकडेही 'चुकून' म्हटल्याने जबाबदारी संपत नाही. कायदेशीर काम, कायदेशीर रीतीने आणि योग्य काळजी घेऊन करताना अपघात झाला, तरच माफी आहे. निष्काळजीपणाने जीव गेल्यास जुन्या दंड संहितेच्या ३०४-अ कलमात दोन वर्षांपर्यंत कैद होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या १०६ व्या कलमात ती पाच वर्षांपर्यंत आहे. अडचण शिक्षेच्या आधीच येते. कर्तव्य बजावताना केलेल्या कृत्याबद्दल सरकारी नोकरावर खटला चालवायला सरकारची मंजुरी लागू शकते. आणि तपास तरी कोणी करायचा? मुंबईतील चकमकींवरून आलेल्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितले, की पोलीस चकमकीतील मृत्यूचा तपास सीआयडीने किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पोलिसांनी करावा आणि दंडाधिकारी चौकशीही व्हावी. ज्याच्या हातून गोळी सुटली, त्याच्याच सोबत्यांनी ती चुकून सुटल्याचा दाखला द्यावा, हे योग्य नाही, हे सांगायला कायद्याचे शिक्षण लागत नाही.

अशी बातमी आली, की आपल्या घरांतही आधी नावे पाहिली जातात: मेला कोण, मारणारा कोणाचा? नावावरून मत ठरले, की पुढचे प्रश्न विचारलेच जात नाहीत. आमची वाचकांना विनंती आहे, की आधी ते प्रश्न विचारावेत. पिस्तूल बाहेर का होते? जखमीला मदत कोणी केली? तपास कोणाकडे आहे? मेलेला आपला असो वा परका, आणि मारणारा आपला असो वा परका, हे प्रश्न बदलता कामा नयेत.