भाषा शिका म्हणता, मग वर्ग कुठे आहे?

माझी एक जुनी विद्यार्थिनी लग्न होऊन ब्रिटनला गेली, त्याला बारा वर्षे झाली. कोकणातल्या मुस्लिम घरांना हे नवे नाही. गेल्या वर्षी तिचा फोन आला. पाळीच्या त्रासासाठी ती दवाखान्यात गेली होती. डॉक्टर इंग्रजीत विचारत होत्या आणि उत्तरे तिची नऊ वर्षांची लेक देत होती. "मॅडम, लेकीच्या तोंडून मी काय काय सांगायचं?" दुभाषी मागता येतो हे तिला माहीतच नव्हते. आणि तो मागायलाही भाषा लागतेच.

म्हणून आधीच स्पष्ट सांगते. ज्या देशात आपण राहतो, कमावतो, मुले वाढवतो, तिथली भाषा शिकलीच पाहिजे. उर्दू शाळेतल्या मुलांना मी वीस वर्षे मराठी शिकवते आहे, ते याच विश्वासाने. सरकारी कार्यालयात दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत उभा राहिलेला माणूस अर्धाच नागरिक असतो. पण भाषा शिकण्याची अपेक्षा करणे वेगळे आणि त्या अपेक्षेची काठी करणे वेगळे.

जानेवारी २०१६ मध्ये तेव्हाचे ब्रिटिश पंतप्रधान डेव्हिड कॅमरन यांनी सांगितले की, देशातल्या सुमारे १ लाख ९० हजार मुस्लिम स्त्रियांना, म्हणजे २२ टक्के स्त्रियांना, इंग्रजी जेमतेम येते किंवा अजिबात येत नाही. त्यांच्यासाठी २ कोटी पौंडांची घोषणा झाली. सोबत इशाराही आला: जोडीदाराच्या व्हिसावर आलेल्यांची अडीच वर्षांनी परीक्षा होईल आणि भाषेत प्रगती नसेल तर देशात राहता येईलच असे नाही. आता मागे जाऊन बघा. त्याच सरकारने जुलै २०१५ मध्ये, म्हणजे सहाच महिन्यांपूर्वी, बेरोजगारांच्या इंग्रजी वर्गांचे साडेचार कोटी पौंड कापले होते. साडेचार काढून घ्यायचे, दोन द्यायचे आणि वर "या बायका शिकत नाहीत" म्हणायचे! शाळेचे छप्पर काढून नेणाऱ्याने हजेरीचे प्रमाण विचारावे, तसे हे झाले.

त्याच वेळी कॅमरन यांनी इंग्रजी न येण्याचा संबंध अतिरेकी विचारांशीही जोडला. इंग्रजी न येणारा अतिरेकी होतोच असे नाही, पण त्या प्रचाराला लवकर बळी पडू शकतो, असा त्यांचा सूर होता. ७ जुलै २००५ रोजी लंडनमध्ये स्फोट घडवणारे चौघेही ब्रिटनमध्येच वाढलेले होते आणि इंग्रजी सफाईने बोलत होते. द्वेषाला व्याकरण अडवत नाही. स्वयंपाकघरात एकट्या पडलेल्या बाईला इंग्रजी शिकवायचे ते तिच्यासाठी, तिच्यावर संशय आहे म्हणून नव्हे.

नियम मात्र कडकच होत गेले. नोव्हेंबर २०१० पासून जोडीदाराला ब्रिटनला जाण्याआधीच प्राथमिक इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते. माझी विद्यार्थिनी ती मुंबईत पास झाली. ठरलेली वाक्ये पाठ केली, शिक्का मिळाला, विमानात बसली. पुढे मुदतवाढीला वरची पातळी, कायम वास्तव्याला त्याहून वरची. मे २०२५ च्या श्वेतपत्रिकेत तर या अटी आणखी वाढवण्याचे प्रस्ताव आले. पायऱ्या चढवत नेल्या, कठडा मात्र कुणी बसवला नाही.

आणि हेच ब्रिटिश लोक निवृत्तीनंतर स्पेनच्या किनाऱ्यावर जाऊन राहतात. त्यातले कित्येक जण वर्षानुवर्षे स्पॅनिश न शिकता आरामात जगतात. त्यांच्या निष्ठेवर कुणी लंडनमध्ये भाषणे करत नाही.

पण सगळा दोष सरकारवर टाकून मी मोकळी होणार नाही. त्या मुलीला मी विचारले, "बारा वर्षांत एकदाही वर्गाला गेली नाहीस?" ती म्हणाली, "गेले होते, दोन आठवडे. लेकरू सांभाळायची सोय तिथे नव्हती. आणि घरात म्हणाले, आपल्या घरी सगळे आपलीच भाषा बोलतात, तुला इंग्रजी कशाला?" सोय नसणे हा सरकारचा गुन्हा. दुसरे वाक्य आपले आहे. नवऱ्याला इंग्रजी हवे, मुलाला हवे, सुनेला मात्र नको. हजरत जैद बिन साबित (रजि.) यांना खुद्द पैगंबरांनी (स.) ज्यूंची लिपी शिकून घ्यायला सांगितले होते, हे आपण वाजमध्ये अभिमानाने ऐकतो आणि घरी येऊन सुनेची वही बंद करतो.

वीस वर्षांत मी एक गोष्ट शिकले. नापास होण्याच्या भीतीने मूल उत्तर पाठ करते, भाषा शिकत नाही. चुकले तरी कुणी हसणार नाही अशा वर्गात ते बोलू लागते. मोठी माणसे याहून वेगळी नसतात.

तेव्हा अपेक्षा जरूर ठेवा. पण आधी घराजवळ वर्ग उघडा, फी माफ करा, शेजारच्या खोलीत पाळणाघर ठेवा. आणि घरातल्या पुरुषांनो, आठवड्यातले दोन तास तुम्ही लेकरू सांभाळा. एवढे करूनही कुणी शिकले नाही, तर मग खुशाल जाब विचारा. तोवर त्या नऊ वर्षांच्या मुलीला आईच्या आजाराचे भाषांतर करावे लागते, याचा जाब तुम्हा-आम्हालाच द्यायचा आहे.