छाट ठरवण्याचा अधिकार

‘घरी बसून, आपल्या सोयीच्या वेळी करता येईल असे एखादे काम सुचवा,’ अशी विनंती गेल्या काही वर्षांत प्रस्तुत लेखकाकडे अनेकदा आली आहे. विनंती करणारे बहुधा जुने विद्यार्थी असतात, त्यातही विद्यार्थिनी अधिक. मार्च २०२० मधील टाळेबंदीनंतर या विनंत्यांना ऊत आला आणि तो अद्याप ओसरलेला नाही. आपल्या चळवळीतील कित्येक साथींची यावरची प्रतिक्रिया ठराविक असते. हा सारा मध्यमवर्गीय हौसेचा प्रकार आहे आणि कामगार म्हणजे कारखान्याच्या दारात उभा राहणारा, असे ते मानतात. ही समजूत चुकीची आहे, एवढेच नव्हे, तर महाराष्ट्रातल्या चळवळीच्या इतिहासाचे ते विस्मरण आहे.

सोलापूरची एक विद्यार्थिनी वर्षभरापूर्वी भेटली. पदव्युत्तर शिक्षण झालेले, मूल लहान, सासू अंथरुणाला खिळलेली. ती ध्वनिमुद्रित मुलाखती ऐकून त्या लिहून काढण्याचे आणि भाषांतराचे काम संगणकावर करते. कामाची वही ठेव, असे तिला सांगितले होते, आणि तिने ती प्रामाणिकपणे ठेवली. त्यातल्या एका महिन्याचा हिशेब असा : प्रत्यक्ष काम ११२ तास, काम शोधणे, विनामूल्य ‘नमुना’ करून देणे, पत्रव्यवहार आणि परत आलेले काम पुन्हा करणे यांत ३१ तास, हातात आले ९,४०० रुपये. ती स्वतः ११२ ने भागत होती आणि तासाला ८४ रुपये पडतात म्हणून समाधानी होती. १४३ ने भागल्यावर ६६ रुपयेही पडेनात. त्यातून वीज, इंटरनेट आणि संगणकाची झीज वजा जायची ती वेगळीच. अकरा तास खर्च करून केलेली एक मुलाखत तर ‘दर्जा समाधानकारक नाही’ एवढ्या शेऱ्यावर नाकारली गेली. कारण दिले नाही, पैसे दिले नाहीत, मात्र लिहिलेला मजकूर देणाऱ्याकडेच राहिला.

हे सांगताना ती सहज म्हणाली, ‘सर, आमच्या आजीच्या विड्यांची छाट अशीच काढायचे.’

अर्थशास्त्राच्या वर्गात चाळीस व्याख्याने देऊन जे साधले नसते, ते या वाक्याने साधले. सोलापुरात तेंदूची पाने आणि तंबाखू घरी न्यायची, घरकाम सांभाळून विड्या वळायच्या आणि दुसऱ्या दिवशी मोजून द्यायच्या, ही रीत जुनी. मोजणारा माणूस मूठभर विड्या ‘छाट’ म्हणून बाजूला काढी. त्यांची मजुरी मिळत नसे. कारखानदारांचा युक्तिवाद असा की, या बायका आमच्या छपराखाली नाहीत, कामाचे तास त्यांचे त्या ठरवतात, सबब त्या आमच्या कामगार नव्हेत. आजच्या संगणकीय कंपन्या ‘स्वतंत्र भागीदार’ हा शब्द वापरतात तेव्हा तोच युक्तिवाद नव्या कपड्यांत येतो.

या युक्तिवादाचा पराभव एकदा झालेला आहे, हे कार्यकर्त्यांनी ध्यानात ठेवावे. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने घरी विड्या वळणाऱ्यांनाही कामगार मानले आणि नाकारलेल्या विड्यांबाबतचा तंटा सोडवण्यासाठी अधिकारी नेमण्याची तरतूद केली. १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा वैध ठरवला. पुढे १९८५ मध्ये, पी. एम. पटेल आणि सन्स या खटल्यात, घरी विड्या वळणाऱ्यांना भविष्यनिर्वाह निधीचा हक्क आहे असा निर्णय झाला. त्यामागचे तर्कशास्त्र मोलाचे आहे. मालक समोर उभा राहून देखरेख करतो की नाही हा प्रश्न गौण आहे. तयार माल नाकारण्याचा अधिकार त्याच्या हाती असणे हेही नियंत्रणच होय. घरकामगार आणि मालक यांच्यातील नाते ओळखण्याची याहून नेमकी खूण सापडणार नाही.

मग आज स्थिती काय आहे? २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि १९६६ चा कायदा त्यांत विलीन झाला. सामाजिक सुरक्षा संहितेत ‘गिग कामगार’ आणि ‘प्लॅटफॉर्म कामगार’ हे शब्द प्रथमच आले, आणि कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम त्यांच्या कल्याणासाठी द्यावी अशी तरतूद झाली. हे पाऊल पुढचेच आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. परंतु या कामगारांना किमान वेतन नाही आणि छाटीविरुद्ध दाद मागण्याची सोयही नाही. घरकामगारांविषयीचा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९९६ चा १७७ क्रमांकाचा ठराव भारताने आजवर मान्य केलेला नाही.

गंमत अशी की, आमच्या या विद्यार्थिनीला कामगार म्हणून जे मिळत नाही ते ‘उद्योजक’ म्हणून थोडेफार मिळू शकते. ‘उद्यम’ नोंदणी विनामूल्य होते. काम स्वीकारण्यापूर्वी ती केलेली असल्यास, २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यान्वये देशातील ग्राहकाला फार तर ४५ दिवसांत पैसे चुकते करावे लागतात. न केल्यास बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागते. श्रमिकाने आपले श्रम वाचवण्यासाठी मालकाचा वेष घ्यावा, अशी ही व्यवस्था आहे! तरीही शाखेकडे सल्ला विचारायला येणाऱ्या तरुणांना ती जरूर सांगावी. काम देण्यासाठी जो आधी पैसे मागतो तो काम देणारा नसतो, हेही सांगावे. मजकूर भरण्याचे काम द्यायचे, अशक्य अचूकतेची अट घालायची आणि मग करारभंगाची खोटी नोटीस धाडून पैसे उकळायचे, हा तर उघड धंदाच झाला आहे. त्यासाठी १९३० या क्रमांकावर तक्रार करता येते.

‘सोयीची वेळ’ हे या कामाचे मोठे आकर्षण. पण सोय कोणाची? केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीनुसार, बिनमोल घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवतात, तर पुरुष ८८. उरलेल्या फटींत, मूल निजल्यावर रात्री अकराला जे काम बसते, त्याला आपण लवचीक म्हणतो. पाळणाघर काढण्याचा खर्च ज्यांनी टाळला, त्यांची ही सोय आहे. आणि आपल्या घरांतही ती किती जणांना बोचते, हा प्रश्न साथींनी स्वतःला विचारावा.

घर हे कामाचे ठिकाण असण्याला प्रस्तुत लेखकाचा विरोध नाही. १९५९ मध्ये गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन सुरू केलेल्या लिज्जतचे पापडही घरोघरी लाटले जातात. तेथे लाटणारीच मालकीण मानली जाते, एवढाच फरक, पण तो निर्णायक आहे. सहकाराचा हा मार्ग भाषांतरकारांना आणि हिशेबनिसांना बंद नाही. दुसरा मार्गही आपल्याच राज्याचा. १९६९ च्या माथाडी कायद्याने एका मालकाशी न बांधलेल्या हमालाला मंडळाकडे नोंदवले आणि मजुरीवर आकार घेऊन त्याला भविष्यनिर्वाह निधी मिळवून दिला. संगणकावर काम करणाऱ्यांसाठी असेच त्रिपक्षीय मंडळ स्थापन करावे, कामाचा किमान दर शोधण्याच्या वेळेसह ठरावा, आणि नाकारलेल्या कामाचे कारण लेखी मिळावे. नाकारलेले काम वापरल्यास त्याचे दाम द्यावे लागावे. परदेशी कंपनी या मंडळाला जुमानणार नाही, हा आक्षेप खरा आहे. तथापि पैसे येथल्याच बँकांतून येतात आणि पुष्कळसे काम येथल्याच मध्यस्थांमार्फत. सुरुवात तेथून करता येईल.

अडचण संघटनेची आहे. विडीवाल्या बायका निदान माल द्यायला एका दाराशी जमत, तेथेच त्यांच्याशी बोलता येई. या मुलींना असे दारच नाही. सोलापुरातल्या त्या विद्यार्थिनीने आणखी चौघींना गाठून, ध्वनिमुद्रणाच्या मिनिटामागे अमुक दराखाली काम घ्यायचे नाही असे ठरवले. तिसऱ्या आठवड्यात त्यांतल्या एकीने कमी दराने काम घेतले. मुलाची फी भरायची होती. तिला गटातून काढावे काय, असे विचारायला परवा दूरध्वनी आला होता. काढू नका, फीची तजवीज गटाने करता येते का ते पाहा, असे सांगितले. पाचजणींनी दरमहा शंभर रुपये बाजूला काढायचे ठरवले आहे.