बबलवरील सावधपणा : एका आक्षेपाचे खंडन

पोकरच्या स्पर्धेत बक्षिसाची रांग एक-दोन जागांवर आली असताना हात आखडता घेणारा खेळाडू भित्रा, कारकुनी वृत्तीचा आणि म्हणून मुळातच या खेळाला नालायक होय, असे मत अलीकडे मोठ्या हिरिरीने मांडले जाते, आणि त्यातला आवेश पाहता ते मांडणाऱ्याने स्पर्धेचे बक्षीसपत्रक कधी शेवटपर्यंत वाचले असेल की नाही याची शंका येते. खेळाडूंच्या बोलीत या टप्प्याला ‘बबल’ म्हणतात. शंभर जणांच्या स्पर्धेत पंधरा बक्षिसे असतील तर सोळा खेळाडू उरले की बबल आला, आणि या सोळांतून जो प्रथम बाद होईल त्याला दिवसभर खेळूनही छदाम मिळत नाही.

प्रतिपक्षाचे म्हणणे चार वाक्यांत संपते. मोठे पैसे वरच्या क्रमांकांत असतात. तिथे पोहोचायला चिपांचा ढीग लागतो. ढीग धोका पत्करल्याखेरीज जमत नाही. तेव्हा जिंकण्याची शक्यता निम्म्याहून थोडीही अधिक दिसली की सर्व चिपा पुढे साराव्यात, म्हणजे ‘ऑल-इन’ व्हावे, आणि शेवटच्या किरकोळ बक्षिसाची, म्हणजे ‘मिन-कॅश’ची, चिंता भेकडांवर सोपवावी. यापुढे जे काही येते तो युक्तिवाद नसून मर्दानगीवरील प्रवचन असते.

या सर्व मांडणीच्या तळाशी एकच गृहीतक आहे, ते म्हणजे चिपा दुप्पट झाल्या की त्यांची किंमतही दुप्पट होते, आणि हे गृहीतक साफ खोटे आहे. चौघे खेळाडू उरले आहेत, प्रत्येकाकडे २,५०० चिपा आहेत, आणि एक लाख रुपयांचे बक्षीस पहिल्या तिघांत ५०, ३० आणि २० हजार असे वाटायचे आहे, अशी स्थिती घ्यावी. चौघेही समान असल्याने प्रत्येकाच्या चिपांची किंमत आज २५,००० रुपये आहे. आता त्यांतील दोघे एकमेकांवर ऑल-इन झाले आणि एक बाद झाला, तर जिंकणाऱ्याकडे ५,००० चिपा येतात. त्यांची रुपयांतील किंमत काढण्याची सर्वमान्य रीत अशी की पहिला येण्याची शक्यता चिपांच्या हिश्श्याइतकी धरावी, मग तो पहिला खेळाडू बाजूला काढून उरलेल्यांत दुसऱ्या क्रमांकासाठी तोच हिशेब पुन्हा करावा, आणि असेच खाली जावे. हे गणित हार्व्हिल यांनी १९७३ साली शर्यतीच्या घोड्यांसाठी मांडले होते आणि मेसन मॅलमुथ यांनी १९८७ साली पोकरच्या चिपांना लावले. खेळाडू त्याला ‘आयसीएम’ म्हणतात. या रीतीने ५,००० चिपांची किंमत भरते सुमारे ३८,३३३ रुपये. पन्नास हजार नव्हे, हे प्रतिपक्षाने सावकाश वाचावे. म्हणजे पणाला लागले २५,००० आणि जिंकून पदरात पडले जेमतेम १३,३३३. मध्ये पडलेल्या सक्तीच्या पैजांची, म्हणजे ‘ब्लाइंड’ची, लहानशी भर सोडून दिली तर असा सौदा तोट्याचा होऊ नये यासाठी जिंकण्याची शक्यता ५१ नव्हे, तर ६५ टक्क्यांहून अधिक असावी लागते.

उरलेले पैसे कुठे गेले, या प्रश्नाकडे तर प्रतिपक्षाने कधी वळूनही पाहिलेले नाही. ते गेले पत्ते टाकून गप्प बसलेल्या दोघांच्या खिशात. तिसऱ्याचे बक्षीस आता त्यांचे नक्की झाले असल्याने, एकही चिप न हलवता, त्या प्रत्येकाची किंमत २५,००० वरून ३०,८३३ वर चढते. शक्यता अगदी निम्मी-निम्मी असेल तर भिडणारे दोघे सरासरीने प्रत्येकी ५,८३३ रुपये गमावतात आणि बघे नेमके तेवढेच कमावतात. ज्यांना भेकड म्हणून हिणवले त्यांनाच शूरांनी वर्गणी काढून द्यावी, असा हा पराक्रम आहे. समोरच्याने एक्का-राजा उघडा करून दाखवला आणि आपल्या हाती राण्यांची जोडी असली, तरी त्या जोडीची शक्यता पत्त्यांच्या रंगांनुसार ५४ ते ५७ टक्क्यांच्या आसपासच राहते. चिपांच्या हिशेबात हा खुशाल स्वीकारावा असा डाव आहे. रुपयांच्या हिशेबात तो टाकण्याचा आहे. ही रीत बसण्याची जागा, पुढे येणारे ब्लाइंड आणि खेळाडूंचे कसब विचारात घेत नाही, हे खरे. परंतु त्या त्रुटी दुरुस्त करून आकडा थोडा इकडेतिकडे सरकतो, ५१ वर येत नाही.

प्रतिपक्षाचे मत एके काळी बरोबर होते, हेही न्यायबुद्धीने नोंदवले पाहिजे. लास व्हेगसमध्ये भरणाऱ्या ‘वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर’च्या मुख्य स्पर्धेत १९७१ ते १९७७ या काळात सर्व बक्षीस एकट्या विजेत्याला मिळत असे, आणि अशा स्पर्धेत चिपांचा हिस्सा हाच पैशांचा हिस्सा असल्याने बबल नावाची वस्तूच संभवत नव्हती. १९७८ साली बक्षीस पाच जणांत वाटले गेले आणि तो हिशेब बदलला. बातमी पोहोचायला कधीकधी वेळ लागतो.

आपल्याकडे या गैरसमजाला दिवाळीतल्या तीन पत्तीचेही खतपाणी मिळते. तिथे प्रत्येक चिप म्हणजे रोकड असते, वाटेल तेव्हा उठून हिशेब चुकता करता येतो आणि संपलेल्याला पुन्हा पैसे काढून बसता येते. त्यामुळे तिथली धाडसाची चाल घेऊन पणजीला मांडवीतल्या जहाजावरील स्पर्धेत उतरणाऱ्याला आपण वेगळा खेळ खेळत आहोत हेच उमगत नाही. याच ओघात एक जुना वाद आठवतो. पोकर हा जुगार नसून कौशल्याचा खेळ आहे, असे वर्षानुवर्षे घसा कोरडा करून सांगितले गेले, कारण १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्यात निव्वळ कौशल्याच्या खेळाला सूट आहे. ऑनलाइन पैशांच्या खेळांपुरता तो वाद २०२५ च्या केंद्रीय कायद्याने निकालात काढला, कारण त्याने कौशल्य आणि नशीब हा भेदच बाजूला ठेवून दोन्हींवर बंदी घातली. परंतु गंमत अशी की ज्यांनी कौशल्याची बाजू सर्वांत मोठ्या आवाजात लढवली, तेच बबलवर गणित करणाऱ्याला कारकून म्हणतात आणि नाणे उडवणाऱ्याला वीर. कौशल्य मग नेमके कशात होते?

मिन-कॅश क्षुल्लक असते, हा दुसरा आक्षेप थोडा बरा आहे. ‘वर्ल्ड सिरीज’च्याच २०२३ च्या मुख्य स्पर्धेत १०,००० डॉलर प्रवेशशुल्क भरून १०,०४३ खेळाडू उतरले, १,५०७ जणांना बक्षीस मिळाले, विजेत्याला १ कोटी २१ लाख डॉलर आणि सर्वांत शेवटच्याला १५,०००. बबलच्या वेळी सरासरी खेळाडूच्या वाट्याचे मूल्य ६२,००० च्या घरात होते, तेव्हा भरपूर चिपा असलेल्याने १५,००० साठी दबून बसू नये, हे मान्य. मात्र ज्याच्याकडे सरासरीच्या एक दशांश चिपा उरल्या होत्या, त्याचा हिस्सा प्रतिपक्षाच्या त्रैराशिकाने ६,२०० डॉलर होतो, आणि दोन-चार डाव पत्ते टाकत राहून तो १५,००० घेऊन उठू शकत होता. त्याला शौर्याचा उपदेश करणे म्हणजे त्याच्या खिशात हात घालणे होय.

विजेते सगळे आक्रमकच असतात, हा पुरावा नव्हे, कारण बबलवर आक्रमकपणे बाद झालेल्यांच्या मुलाखती कोणी घेत नाही. सावध खेळाडू मुद्दाम वेळ काढून खेळ रेंगाळवतात, ही तक्रारही शिळी आहे. बबलवर सर्व टेबलांवर एकेक डाव एकाच वेळी खेळवण्याची पद्धत त्यासाठीच आहे.

राहिला प्रश्न सावधपणा म्हणजे काय याचा. सावधपणा म्हणजे सरसकट पत्ते टाकणे नव्हे. स्वतः आधी पैज चढवणे आणि दुसऱ्याची पैज स्वीकारणे या भिन्न क्रिया आहेत, कारण पहिलीत समोरचा माघार घेण्याची शक्यता आपल्या बाजूने असते आणि दुसरीत केवळ पत्ते उरतात. म्हणून सावध खेळाडू स्वीकारताना कंजूष आणि चढवताना सढळ असतो. पैज चढवण्याआधी तो टेबलावरचे ढीग मोजतो, आपल्याला बाद करू शकणारा मोठा ढीग टाळतो, बाद होण्याच्या भीतीने दबलेल्या मधल्या ढिगांवर दबाव आणतो, आणि कुणाकडे एकदोन ब्लाइंडपुरत्याच चिपा उरल्या आहेत हे पाहून आपला निर्णय लांबवतो. प्रतिपक्ष ज्या आक्रमणाचे गोडवे गातो ते याहून वेगळे नाही, आणि ते फळते तेही समोरचे हिशेबी असल्यामुळेच. सगळेच शूर झाले तर पत्ते टाकणार कोण? या विचाराचे टोक ‘सॅटेलाइट’मध्ये, म्हणजे रोख बक्षिसाऐवजी मोठ्या स्पर्धेतील समान जागा देणाऱ्या पात्रताफेरीत, दिसते. दहा जागांसाठी अकरा जण उरले असताना, एकाजवळ जेमतेम एक ब्लाइंड शिल्लक असेल आणि आपला ढीग भक्कम असेल, तर तितक्याच मोठ्या ढिगाच्या ऑल-इनसमोर एक्क्यांची जोडीसुद्धा टाकावी, कारण जिंकून दुसरी जागा मिळत नाही आणि हरून हातची जाते. ती जोडी तिथे स्वीकारणारा खेळाडू धाडसी नसून चुकीचा खेळला आहे, मग तो डाव त्याने जिंकलेला का असेना.